मुख्यालय गप्प, तरी हुकूम येतच आहेत



मी रायपूरहून बोलतोय. लष्करात, सिग्नल कोअरमध्ये माझं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. तरी आजचा विषय वैद्यकातला आहे. रक्ताच्या कर्करोगात कधी कधी कर्कपेशी स्वतःच हार्मोन तयार करू लागतात, तेव्हा शरीरात काय होतं, हा तो विषय. हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो, तो आमच्या घरी चालत आला. तो ओळखायला आम्हाला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत मी स्वतः एक चूक करत होतो. ती चूक तुमच्या घरात होऊ नये, म्हणून आज बोलतोय.

आधी घरातली गोष्ट सांगतो, मग त्यामागचं शास्त्र.

रायपूरच्या जुन्या वस्तीत, तात्यापाऱ्यात आमचं घर आहे. भोसल्यांच्या काळात नागपूरकडून छत्तीसगडात आलेली मराठी कुटुंबं इथे बरीच आहेत, त्यातलंच आमचं एक. माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. शाळेत गणित शिकवायचे. मला पाढे त्यांनीच शिकवले, अगदी पावकी, निमकी, दीडकी, औटकीसकट. बाजारात भाजीवाल्याने हिशेब करायच्या आत दादांचा आकडा तयार असायचा.

२०१९ च्या मार्चमध्ये दादांची पाठ दुखायला लागली. वय बहात्तर. मी म्हणालो, ‘हाडं ठिसूळ झाली असतील, कॅल्शियम घ्या.’ मीच दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पाकिटं आणली. आठवड्याला एक पाकीट. फौजी माणसाची शिस्त! दर रविवारी सकाळी मी जातीने जाऊन दुधात पाकीट घालून त्यांना द्यायचो. कुणी तपासणी सांगितली नव्हती, मीही केली नाही. जीवनसत्त्वच तर आहे, त्याने काय बिघडणार?

एप्रिलमध्ये दादांची तहान वाढली. रायपुरात एप्रिल-मेमध्ये तहान वाढली म्हणून कोण काळजी करतो? नवतपा जवळ आला होता, सगळं शहरच माठाभोवती होतं. मग वहिनी मला म्हणाल्या, ‘भाऊजी, हे रात्री सात-सात वेळा उठतात.’ साखर तपासली, ठीक निघाली. प्रोस्टेट असेल, असं ठरलं. मग बद्धकोष्ठ झालं, त्यावर चूर्ण. मग भूक गेली, वजन उतरलं, त्यावर टॉनिक. प्रत्येक तक्रारीला एक कारण मिळत होतं आणि प्रत्येक कारण आपल्या जागी पटणारं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दादा भाजी आणायला गेले आणि सुट्टे पैसे मोजता येईनात म्हणून रिकाम्या हाताने परत आले. त्या संध्याकाळी मी त्यांना सहज औटकी म्हणायला लावली. ते तिसऱ्या ओळीला थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. दोन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी स्मृतिभ्रंशाची सुरुवात म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या. चार दिवसांनी दादा दिवसभर झोपूनच राहायला लागले, तेव्हा त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने आमची जाडजूड फाईल चाळली. साखर, थायरॉइड, लघवी, मेंदूचं स्कॅन, सगळं होतं. ती म्हणाली, ‘काका, कॅल्शियम कुणी केलंच नाही का?’

दोन तासांत रिपोर्ट आला. रक्तातलं कॅल्शियम साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या दरम्यान असावं लागतं. दादांचं होतं १४.१. मूत्रपिंडांवरही ताण आलेला होता.

आता इथे गोष्ट थांबवतो आणि शास्त्राकडे वळतो.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का बाकी शरीरभर असतं, पण मेंदू, स्नायू, हृदय सगळं त्याच्यावर चालतं. म्हणून त्याची पातळी फार काटेकोर राखली जाते. हे काम कोण करतं? गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या मागे भाताच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. गंमत म्हणजे या ग्रंथींची पहिली ओळख एका भारतीय गेंड्याने करून दिली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो गेंडा मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास त्याचं विच्छेदन केलं आणि गळ्यात ही छोटी ग्रंथी त्याच्या नजरेस पडली. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनच्या ईव्हार सँडस्ट्रॉमने १८८० मध्ये केलं.

या चार ग्रंथींना आपण मुख्यालय म्हणू. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की मुख्यालयातून एक संदेश सुटतो, पॅराथायरॉइड हार्मोन. तो हाडांना सांगतो, साठ्यातलं थोडं सोडा. मूत्रपिंडांना सांगतो, कॅल्शियम वाया घालवू नका. आणि मूत्रपिंडांनाच तिसरा हुकूम देतो, ड जीवनसत्त्वाला धार लावा. हे तिसरं नीट समजून घ्या, कारण आमची गोष्ट तिथेच अडकली आहे.

उन्हातून, अन्नातून किंवा पाकिटातून येणारं ड जीवनसत्त्व हे खरं तर कच्चा माल असतं. यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते आणि ते साठवणीचं रूप घेतं. मूत्रपिंडात त्यावर दुसरी प्रक्रिया होते आणि मगच ते कामाचं होतं. या कामाच्या रूपाला कॅल्सिट्रायॉल म्हणतात आणि ते चक्क एक हार्मोन आहे. ते आतड्यांना सांगतं, अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढून घ्या. ही दुसरी प्रक्रिया किती करायची, ते मूत्रपिंड मुख्यालयाला विचारून ठरवतं. रक्तात कॅल्शियम पुरेसं झालं की मुख्यालय गप्प बसतं आणि कारखाना मंदावतो. निरोगी माणसाने थोडं जास्त ड जीवनसत्त्व घेतलं तरी लगेच काही होत नाही, ते या व्यवस्थेमुळे.

माझ्या नोकरीतलं एक उदाहरण देतो. वायरलेसवर एखादा हुकूम आला की तो लगेच पाळायचा नसतो. आधी समोरच्याची ओळख पटवायची. ठरलेला प्रश्न विचारायचा, ठरलेलं उत्तर यायला हवं. कारण शत्रूच्या हातात आपला सेट आणि आपली संकेतांची वही पडली, तर तो आपल्याच भाषेत, आपल्याच खुणांनी हुकूम देऊ शकतो. तोफखाना इकडे वळवा, तुकडी मागे घ्या. ऐकणाऱ्याला तो हुकूम अस्सलच वाटतो.

कर्कपेशी हेच करू शकते. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी गुणसूत्रं असतात. म्हणजे संकेतांची पूर्ण वही प्रत्येकाकडे असते, पण आपल्या कामाची पानं सोडून बाकीची कुलूपबंद असतात. कर्करोगात यातली काही कुलपं तुटतात. मग रक्तातली एखादी पेशी, जिचं काम जंतूंशी लढण्याचं, ती कॅल्शियमचे हुकूम सोडू लागते. हाडं, आतडी, मूत्रपिंडं यांना वाटतं हुकूम वरूनच आला. त्यांच्याकडे ओळख पटवण्याची सोय नाही. ती निमूटपणे पाळतात.

ही शंका पहिल्यांदा स्पष्टपणे मांडली ती अमेरिकेतल्या फुलर ऑलब्राइट या डॉक्टरने, १९४१ मध्ये. मूत्रपिंडाचा कर्करोग असलेल्या एका रुग्णाचं कॅल्शियम चढलेलं होतं. हाडात पसरलेल्या गाठीवर किरणोपचार केला आणि कॅल्शियम खाली आलं. पॅराथायरॉइडला कुणी हात लावला नव्हता. ऑलब्राइट म्हणाले, मग ही गाठच त्या हार्मोनसारखं काही तरी सोडत असणार. ते ‘काही तरी’ हाती लागायला १९८७ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी तो पदार्थ वेगळा काढला. तो पॅराथायरॉइड हार्मोनचा सख्खा नव्हे, चुलतभाऊ निघाला. सुरुवातीचा भाग बराचसा सारखा, त्यामुळे तीच कुलपं उघडतो. आणि हा चुलतभाऊ मुळात दुष्ट नाही. आई बाळाला पाजत असते तेव्हा तिच्या स्तनांत हाच पदार्थ तयार होतो आणि दुधासाठी तिच्या हाडांतलं कॅल्शियम सोडवून आणतो. कर्कपेशी त्याच हुकमाचा गैरवापर करते.

रक्ताच्या कर्करोगांत हे तीन प्रकारांनी घडतं.

पहिला प्रकार जपानमध्ये ठळकपणे दिसला. १९७७ मध्ये कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांमधल्या एका विशिष्ट टी-पेशी ल्युकेमियाचं वर्णन केलं. नैर्ऋत्य जपानमध्ये, विशेषतः क्यूशू बेटावर तो जास्त आढळतो. पुढे कळलं की तो एका विषाणूमुळे होतो, एचटीएलव्ही-१. या रोगात कॅल्शियम चढणं इतकं नेहमीचं आहे की ते रोगाच्या ओळखीचाच भाग झालं. विषाणूचं एक प्रथिन पेशीतलं कुलूप तोडतं आणि ती पेशी मघाशी सांगितलेला चुलतभाऊ सोडू लागते.

दुसरा प्रकार लिम्फोमाचा, म्हणजे रसग्रंथींच्या कर्करोगाचा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिम्फोमाच्या तीन रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. तिघांचंही कॅल्शियम चढलेलं आणि तिघांच्याही रक्तात कॅल्सिट्रायॉल जास्त. मूत्रपिंडातल्या कारखान्याचं यंत्र इथे गाठीत बसलेलं असतं. कधी गाठीच्या पेशी ते चालवतात, कधी गाठीत जमलेल्या भक्षक पेशी. पण मुद्दा असा की हा कारखाना मुख्यालयाचं ऐकत नाही. रक्तात कॅल्शियम कितीही होवो, कच्चा माल येईल तेवढा पक्का होत राहतो. आपल्याकडे क्षयरोग खूप आहे म्हणून सांगतो, क्षयाच्या आणि सार्कॉइडच्या गाठींतही हेच घडू शकतं. तेव्हा कॅल्शियम वाढलं म्हणजे कर्करोगच, असं मुळीच नाही.

तिसरा प्रकार मायलोमाचा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचा. इथे हार्मोन हा शब्द सैलच वापरावा लागेल. हार्मोन रक्तातून लांबवर जातो, वायरलेससारखा. मायलोमाच्या पेशी शेजारच्या खंदकात कुजबुज करतात. हाड खाणाऱ्या पेशींना चिथावतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना दाबतात. १९७४ मध्ये ग्रेगरी मंडी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की या पेशी हाड झिजवणारं काही तरी सोडतात. आज त्या पदार्थांची नावं माहीत आहेत, त्यातलं प्रमुख रँक-लिगंड. परिणाम तोच, हाडांना भोकं आणि रक्तात कॅल्शियम. मायलोमा ओळखण्याच्या चार मुख्य खुणा डॉक्टर सांगतात, त्यात कॅल्शियम पहिलं. मग मूत्रपिंडं, रक्तक्षय आणि हाडं.

इथे एका मराठी बाईंची आठवण काढायला हवी. हा हार्मोन खुद्द कर्कपेशी करते की तिची शेजारीण, हे ठरवायचं कसं? शरीरात सगळ्या पेशी एकत्र असतात. ती पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात एकटी वाढवायची आणि भांड्यातला द्रव तपासायचा, हा एक भक्कम मार्ग. याला पेशीसंवर्धन म्हणतात. हे तंत्र भारतात रुजवण्यात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे आघाडीवर होत्या. जन्म १९१७, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. हे रुग्णालय सुरू झालं १९४१ मध्ये, म्हणजे ऑलब्राइटनी ती शंका मांडली त्याच साली. मग रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन शिकल्या आणि परत आल्या. तिथेच राहता आलं असतं. खानोलकर ज्याचे पहिले संचालक होते, त्या मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधला स्तनांचा कर्करोग, ल्युकेमिया, विषाणू आणि हार्मोन यांचं एकमेकांशी नातं, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. कर्करोग आणि हार्मोन एकमेकांशी बोलतात, ही गोष्ट मुंबईत इतक्या आधीपासून तपासली जात होती, हे मला दादांच्या आजारपणात वाचायला मिळालं आणि बरं वाटलं.

आता पुन्हा दादांच्या खाटेपाशी येऊ.

कॅल्शियम चढलं की तहान का लागते? जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडांना पाणी राखू देत नाही. लघवी भरमसाट होते, शरीर कोरडं पडतं आणि कोरडं पडल्याने रक्तातलं कॅल्शियम आणखी चढतं. असा भोवरा तयार होतो. आतड्यांचे स्नायू सुस्तावतात, म्हणून बद्धकोष्ठ. मळमळ होते, भूक जाते. मेंदूच्या पेशी मंदावतात, म्हणून गोंधळ आणि झोप. आमच्या फाईलमध्ये पाच वेगवेगळे आजार होते. ते पाचही एकच होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पॅराथायरॉइड हार्मोन तपासलं. ते अगदी तळाला होतं. त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मला लगेच कळलं, कारण ही माझ्या धंद्यातली गोष्ट होती. हुकूम येताहेत, अंमलबजावणी होते आहे, पण मुख्यालय तर गप्प आहे. म्हणजे दुसरं कुणी तरी आपल्या खुणेने बोलतंय. मुख्यालयातच बिघाड असता, म्हणजे पॅराथायरॉइडचीच गाठ असती, तर हा आकडा चढलेला असता किंवा निदान दबलेला नसता. मुख्यालय दबलेलं असेल तर बाहेर शोधायचं.

मग डॉक्टरांनी विचारलं, ‘ड जीवनसत्त्व घेत होते का?’

मी सांगितलं. दर रविवारी, दुधातून, माझ्या हाताने.

कॅल्सिट्रायॉलचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागला, रिपोर्ट काही दिवसांनी आला. ते चांगलंच वाढलेलं होतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण नेहमी जी ड जीवनसत्त्वाची तपासणी करतो, ती साठवणीच्या रूपाची असते. कामाच्या रूपाची तपासणी वेगळी. पहिली ठीक आली म्हणून दुसरी ठीक असेलच असं नाही. तोवर पोटाच्या स्कॅनमध्ये प्लीहा वाढलेली आणि आत रसग्रंथींच्या गाठी दिसल्या होत्या. लिम्फोमा.

मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, ‘हे माझ्यामुळे झालं का?’ ते म्हणाले, ‘कर्करोग तुमच्यामुळे झालेला नाही. पण बिनपरवाना कारखाना चालू होता आणि तुम्ही त्याला कच्चा माल पुरवत होतात.’ त्यांनी हे कडवटपणे सांगितलं नाही, पण मऊही केलं नाही. मला तेच बरं वाटलं.

उपचारात एक पेच होता, तोही सांगतो. या प्रकारच्या कॅल्शियमवर स्टिरॉइड फार चांगलं चालतं, कारण ते कॅल्सिट्रायॉलचा कारखानाच मंदावतं. पण लिम्फोमावरही त्याचा मारा होतो. तुकडा काढून तपासण्याआधी स्टिरॉइड दिलं तर गाठ आकसते आणि निदान धूसर होऊ शकतं. मग नेमका कोणता लिम्फोमा, कोणती औषधं, हे ठरवणं अवघड. थांबावं तर दादांची शुद्ध हरपत चाललेली. डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. आधी सलाइन, भरपूर, कारण कोरडेपणा मोडला की निम्मी लढाई होते. जोडीला कॅल्सिटोनिनची इंजेक्शनं. हेही एक हार्मोन, कॅल्शियम उतरवणारं, आणि औषधात वापरतात तो त्याचा सॅल्मन माशातला प्रकार. त्याचा गुण काही तासांत येतो, पण दोनेक दिवसांतच ओसरतो. तो ओसरेपर्यंत झोलेड्रॉनिक ॲसिड कामाला लागतं. ते हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं, पण त्याला दोन ते चार दिवस लागतात. मूत्रपिंडांवर ताण असल्याने त्याची मात्रा जपून ठरवली. या सगळ्यातून जो वेळ मिळाला, त्यात दुसऱ्याच दिवशी गाठीचा तुकडा काढला. तुकडा हाती आला त्या संध्याकाळी स्टिरॉइड सुरू झालं.

पाचव्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो. कॅल्शियम ११ च्या खाली आलं होतं. दादा उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, ‘अरे बाळ, आज रविवार ना? पाकीट नाही आणलंस?’

मी बाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

पुढे सहा वेळा केमोथेरपी झाली, दर तीन आठवड्यांनी. लिम्फोमा आटोक्यात आला तसं कॅल्शियमही स्थिर झालं. बोलणाराच गप्प झाला, तर खोटे हुकूम कुठून येणार? सलाइन आणि इंजेक्शनं ही तात्पुरती मदत असते, खरा उपाय मूळ रोगावरच. दादा घरी आले आणि त्यांनी शेजारच्या मुलांची गणिताची शिकवणी पुन्हा सुरू केली. मधल्या करोनाच्या काळात तीच शिकवणी मोबाईलवर चालली.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये नेहमीच्या तपासणीत कॅल्शियम ११.४ आलं. दादांना काहीच त्रास नव्हता. स्कॅनमध्ये रोग परत आलेला दिसला. मनुष्याला कळायच्या आत रक्ताने सांगितलं होतं. या वेळी दादांनी स्वतः सगळं ऐकून घेतलं, हिशेब केला आणि हलका उपचार निवडला. निर्णय त्यांचा होता आणि तो घेताना डोकं पूर्ण जागेवर होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत ते घरीच गेले.

वहिनी मला एकदा म्हणाल्या, ‘भाऊजी, २०१९ मध्ये ते गेले असते, तर आपण सगळे म्हणालो असतो की म्हातारपणाने गेले.’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. असे किती जण म्हातारपणाच्या नावावर गेले असतील?

तुम्हाला घाबरवायचं नाही. कर्कपेशींनी हार्मोन करणं ही रोजची गोष्ट नव्हे. तहान लागली तर बहुतेक वेळा साखर असते, उन्हाळा असतो. पण पाच गोष्टी लिहून ठेवा.

एक. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, भूक मंद आणि अलीकडेच आलेला गोंधळ, यातलं दोन-तीन एकदम दिसलं, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘कॅल्शियम तपासायचं का?’ तपासणी साधी आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होते. सोबत अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायला सांगा. ते कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा खोटा कमी दिसतो, डॉक्टर तो दुरुस्त करून वाचतात.

दोन. कॅल्शियम वाढलेलं निघालं तर पुढची पायरी पॅराथायरॉइड हार्मोनची. मुख्यालय बोलतंय की गप्प आहे, हे कळल्याशिवाय शोधाची दिशा ठरत नाही.

तीन. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ही औषधं आहेत. पुष्कळांना ती लागतात, डॉक्टरांनी दिली असतील तर घ्या, माझं ऐकून बंद करू नका. पण मी केलं तसं दुकानातून आणून महिनोन्‌महिने कुणाला देऊ नका. आणि घेत असाल तर प्रत्येक डॉक्टरांना सांगा. आमच्या घरात ती गोष्ट कुणी औषधांच्या यादीत धरलीच नव्हती.

चार. गोंधळ दिवसांत किंवा आठवड्यांत आला असेल, तर त्याला स्मृतिभ्रंश म्हणायची घाई करू नका. स्मृतिभ्रंश बहुधा महिन्या-वर्षांनी हळूहळू येतो. झपाट्याने आलेल्या गोंधळामागे पुष्कळदा दुरुस्त होणारं कारण असतं.

पाच. रिपोर्टांची फाईल तारखेनुसार लावा आणि पहिल्या पानावर लक्षणं लिहा, कुठलं कधी सुरू झालं ते. आमच्या तक्रारी पाच ठिकाणी विखुरल्या होत्या. त्या एका कागदावर आल्या असत्या, तर कदाचित एप्रिलमध्येच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

वायरलेसच्या माणसाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की आवाज ओळखीचा वाटला म्हणून हुकूम मानू नका, कोण बोलतंय ते विचारा. हे मी शेकडो पोरांना शिकवलं. माझ्याच घरात मात्र ‘वय झालं’, ‘उन्हाळा आहे’, ‘हाडं ठिसूळ झाली’ असे ओळखीचे आवाज ऐकले आणि कोण बोलतंय ते विचारलं नाही. ते विचारलं रात्रपाळीच्या एका थकलेल्या मुलीने. तिच्यामुळे आम्हाला दादांची पावणेचार वर्षं मिळाली, आणि त्यांना त्यांची औटकी.

आज एवढंच. सगळ्यांना रायपूरहून नमस्कार.